माया बे कायमचा बंद झालेला नाही

थायलंडला निघालेल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: फी फी बेटांवरचा माया बे हा समुद्रकिनारा पर्यटकांसाठी कायमचा बंद. तसं नाही. गर्दी आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळाची वाट लागली म्हणून जून २०१८ मध्ये तो बंद केला होता, पण जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला. आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात. गोंधळ बहुधा त्यातूनच झालाय.

नियम मात्र बदललेत. बोट मागच्या लोह समाह खाडीत लागते, तिथून चालत किनाऱ्यावर यायचं. पोहायला बंदी, फार तर गुडघाभर पाण्यात उभं राहा. (स्नॉर्केल घेऊन ठेवला असेल तर तो दुसऱ्या बेटावर वापरा!) राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क टूरच्या दरात धरलंय का, हे बुकिंग करतानाच विचारा.