आयरिश लिनन आणि ‘ऊन, दव, वारा’

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड असा: ‘यंत्रं येण्याआधी आयर्लंडच्या खेड्यांत लिनन फक्त ऊन, दव आणि वाऱ्यावर बनायचं. ना प्रदूषण, ना केमिकल, ना यंत्र. आपल्या विदर्भातल्या जवसाचंही घरी करून बघा!’ खाली कुर्त्याची लिंक आहेच.

प्रदूषण नव्हतं म्हणे! लिनन म्हणजे जवसाच्या काडीतल्या तंतूचं कापड. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात उपटलेल्या जवसाच्या पेंढ्या साठलेल्या पाण्याच्या खड्ड्यात दगडांखाली दाबून आठवडा-दोन आठवडे कुजवत. जिवाणू काडीतला चिकट पदार्थ खातात, तेव्हा तंतू सुटतो. वास असा की नको रे बाबा, आणि पेंढ्या बाहेर काढायला माणसं त्याच पाण्यात कमरेपर्यंत उतरत. ते पाणी नदीत सोडलं की त्यातला प्राणवायू संपून मासे मरत. कुजणं पुरेसं झालं का हे बघायला काडी दोन ठिकाणी मोडायची आणि मधलं लाकूड ओढायचं. तंतू न फाटता ते सुटलं तर काम झालं. कमी कुजलं तर झोडताना भुसा निघत नाही, जास्त कुजलं तर तंतूच तुटतो. त्यामुळे शेवटी शेवटी सकाळ-संध्याकाळ तपासावं लागे. दव लागायचं ते नंतर, पेंढ्या गवतावर सुकताना.

केमिकल? कापड पांढरं करायला राखेच्या क्षारात उकळत, गवतावर पसरत, आंबट ताकात बुडवत, आणि हे महिनोन्महिने पुन्हा पुन्हा. ताकाच्या जागी पातळ गंधकाम्ल वापरा, असं फ्रान्सिस होम या स्कॉटिश डॉक्टरने १७५६ सालीच लिहून ठेवलं.

‘ना यंत्र’ म्हणणाऱ्यांनी आयरिश लिनन कसं बनायचं ते दाखवणारी चित्रकार विल्यम हिंक्सची १७८३ ची १२ कोरीव चित्रं बघावीत. झोडणाऱ्या, लोखंडी फणीतून तंतू विंचरणाऱ्या, सूत कातणाऱ्या बायका त्यांत आहेत. त्याच संचात ब्लीच मिल, म्हणजे कापड पांढरं करायची गिरणीही आहे: कापड धुणारी, घासणारी, कुटणारी यंत्रं, तीही कातणाऱ्या गिरण्यांच्या आधीची.

एक मान्य, नाइलाजाने: तिथल्या पावसात या पिकाला वेगळं पाणी द्यावं लागत नसे.

राहिलं विदर्भातलं जवस. वनस्पती तीच, पण वाण तेलाचं: बुटकं, फांद्या फुटलेलं, बी पिकेपर्यंत शेतात ठेवलेलं. धाग्याचं जवस दाट पेरतात, म्हणजे ते फांद्या न फुटता मीटरभर सरळ वाढतं. आणि बी पूर्ण पिकायच्या आत, पेरल्यापासून साधारण १०० दिवसांनी, मुळासकट उपटतात. तेलाच्या जवसातून निघेल तो आखूड, राठ तंतू. कुर्ता विसरा. तरी कोणाला हौस असेलच, तर कुजवलेलं पाणी ओढ्यात सोडू नका.