एमबी मोजून फोटोची प्रत ठरत नाही

गणपती जवळ आले की पुण्यात छायाचित्र स्पर्धांच्या जाहिराती सुरू होतात, आणि कुठल्या ना कुठल्या नियमावलीत ती ओळ असतेच: ‘फाइल किमान ५ एमबीची हवी.’ या ओळीवर माझा मनापासून आक्षेप आहे. चांगले फोटो तिच्यामुळे बाहेर राहतात.

माझ्याकडे फोटोग्राफी शिकणाऱ्या एका मुलीने लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक टिपली होती. रात्रीची वेळ, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० म्हणजे फोटोत दाणे, ज्याला नॉइज म्हणतात, हवेत गुलाल. लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमधून काढलेली जेपेग फाइल या अटीत आरामात बसत होती. नव्या व्हर्जनमध्ये तिने कॅमेऱ्यातल्या त्याच मूळ (रॉ) फाइलवर एआय डीनॉइज, म्हणजे दाणे पुसणारं साधन, लावलं, एक्स्पोर्टचं बाकी सगळं तेच ठेवलं, आणि जेपेग जवळजवळ अर्धी झाली. “सर, नवीन व्हर्जन फोटो खातंय का?” असं तिने काळजीने विचारलं.

खात नाही. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात किती बारीक चढउतार आहेत ते नोंदवते. सपाट काळं आकाश थोडक्यात लिहून होतं. पण त्याच आकाशात नॉइजचे दाणे असतील तर प्रत्येक चौकोनात नवी गडबड, आणि तिला काही नियम नसल्याने ती थोडक्यात लिहिताच येत नाही. म्हणजे जुन्या फाइलमधले जास्तीचे एमबी बहुतांशी कचरा साठवण्यात गेले होते. ढोलावर टिपरू आपटणाऱ्या मुलाचा चेहरा लहान फाइलमध्येच जास्त स्वच्छ दिसत होता. लाइटरूममध्ये हे एआय डीनॉइज २०२३ मध्ये आलं. तेव्हापासून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो.

दुसरा घोळ जेपेग सेव्ह करताना निवडायच्या क्वालिटीच्या आकड्याचा. जेपेगचं मानक १९९२ चं, पण क्वालिटी ८० म्हणजे नेमकं किती, हे त्यात ठरवलेलंच नाही. फोटोशॉपच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये ० ते १२, लाइटरूममध्ये ० ते १००, गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ० ते १००, पण त्या दोन्ही शंभरांचा एकमेकांशी संबंध नाही. कुठली बारकाई किती कापायची याचे तक्ते ज्याने त्याने आपले बनवलेत. फोटोशॉप तर ६ किंवा त्याखाली गेलं की रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करतं आणि ७ पासून पूर्ण ठेवतं. काळोखासमोरच्या भगव्या झेंड्याची कड पाहा, फरक तिथे पहिल्यांदा दिसतो.

आणि ज्याचा फोटोशी काहीच संबंध नाही असंही बरंच काही फाइलमध्ये बसलेलं असतं: छोटं प्रिव्ह्यू चित्र, एक्सएमपी नोंदी (फोटोबद्दलची लिखित माहिती), एडिटिंगचा इतिहास, कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे त्याची माहिती). छपाईच्या सीएमवायके प्रोफाइलचं वजन एकट्याचं अर्धा एमबी असू शकतं! २०१५ च्या फोटोशॉपमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज’ आलं, ते यातलं बहुतेक सगळं वगळतं. त्यामुळे त्याच फोटोशॉपमधून, त्याच पिक्सेलची फाइलसुद्धा लहान निघते.

नव्या पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना याचा फार त्रास होतो. ऑनलाइन अर्जाला फोटो ५० केबीच्या आत हवा असतो. मुलं क्वालिटी खाली, आणखी खाली नेत राहतात. चेहऱ्याचे चौकोन पडतात, तरी फाइल अडकतेच, कारण वजन त्या नोंदींचं असतं. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं: आधी पिक्सेल अर्जात मागितलेत तेवढे करा, मेटाडेटा, म्हणजे या जास्तीच्या नोंदी, ‘नन’ (काहीच नको) ठेवून एक्स्पोर्ट करा, मग गरज उरली तरच क्वालिटीला हात लावा. चेहरा ओळखू येणारा फोटो त्या ५० केबीत बसतो.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. फोटोची मोठी बाजू किती पिक्सेल हवी ते लिहा, एसआरजीबी (स्क्रीनसाठीचं नेहमीचं कलर प्रोफाइल) हवं ते लिहा, आणि शंका आली तर शंभर टक्के झूम करून बघा. किमान एमबीची अट काढून टाका. तिच्यापायी मुलं डीनॉइज काढून, दाणेदार फोटो मुद्दाम पाठवताहेत. मोठ्या क्वालिटीवर पुन्हा सेव्ह करून फाइल फुगवताहेत. अजून नियमावल्या छापायच्या आहेत, तेवढी एक ओळ या वर्षी बदलता येईल.