आधी रस्ता, मग पूल

अमेरिकेत फिलाडेल्फियाचा आय-९५ महामार्ग पूल कोसळल्यावर १२ दिवसांत पुन्हा सुरू झाला, तेव्हा सगळ्यांनी रात्रंदिवस राबणाऱ्या कामगारांचं कौतुक केलं. ते व्हायलाच हवं. पण माझ्या मते हे काम खऱ्या अर्थानं जिंकलं गेलं ते त्याआधी, सध्या पूल बांधायचाच नाही असं ठरलं तेव्हा.

११ जून २०२३, रविवारची सकाळ. पुलाखालच्या रॅम्पवर पेट्रोलचा टँकर उलटून पेटला. सुमारे ८,५०० गॅलन, म्हणजे ३२ हजार लिटर पेट्रोल. टँकरचालकाचा जीव गेला. पूल पडायला पोलाद वितळावं लागत नाही. सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद जेमतेम निम्मी उरते आणि डोक्यावरचं वजन मात्र तेवढंच असतं. उत्तरेकडे जाणारा भाग कोसळला, दक्षिणेकडचाही पाडावा लागला. रोजची सुमारे १ लाख ६० हजार वाहनं अडली. गव्हर्नर जॉश शापिरो यांनी सुरुवातीला काही महिने लागतील असंच सांगितलं होतं.

नवे गर्डर, म्हणजे पुलाच्या पोलादी तुळया, बनून यायची वाट पाहिली असती तर तेवढे लागलेच असते. त्याऐवजी खालचा रस्ता बंद ठेवून पुलाच्या जागची पोकळीच भरून काढली आणि वर डांबर टाकलं. भराव कशाचा, तर टाकाऊ काचेची पूड भट्टीत फुगवून केलेल्या सच्छिद्र खड्यांचा. हे खडे नेहमीच्या खडीपेक्षा कितीतरी हलके, त्यामुळे खालची जमीन दबत नाही, बाजूच्या भिंतींवर रेटाही कमी येतो. शेवटी पाऊस आडवा आला, तर पोकोनोच्या रेसट्रॅकवरची जेट इंजिनवाली गाडी आणून रस्ता वाळवला! २३ जूनला दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन सुरू झाल्या. कायमचा पूल बाजूला ठेवला नव्हता. मधून वाहतूक चालू ठेवून दोन्ही कडांनी तो बांधायचा, हे आधीच ठरलेलं होतं. तात्पुरतं काम पुढच्या कामाच्या आड येऊ दिलं नाही, मला याचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटतं.

'आणीबाणीच्या नावाखाली नियम गुंडाळले' हा आक्षेप मला पटत नाही. टेंडरचा वेळ वाचवणं वेगळं, तपासणी टाळणं वेगळं. इथे तर चोवीस तास कॅमेरा लावून काम जगाला दाखवत होते.

आणि पैशाचं म्हणाल, तर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला असाच टँकर पेटून मॅकआर्थर मेझ या महामार्ग-जंक्शनवरचा पूल पडला होता. सी. सी. मायर्स कंपनीनं फक्त ८,६७,०७५ डॉलरला काम घेतलं, कारण मुदतीआधीच्या प्रत्येक दिवसाला २ लाख डॉलर बक्षीस होतं, कमाल ५० लाख. पूल महिन्याच्या आत उभा राहिला आणि कंपनीला पूर्ण ५० लाख मिळाले. मला ते अजिबात जास्त वाटत नाहीत.