३६ टक्के घटलं ते नेमकं काय?

सोलापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "२००५ पासून देशातल्या कारखान्यांचा कार्बन ३६ टक्क्यांनी घटला, एकूण उत्सर्जनात उद्योगांचा वाटा फक्त ८ टक्के." आकडे खरे, अर्थ चुकीचा.

२००५ ते २०२० दरम्यान ३६ टक्क्यांनी घटली ती जीडीपीच्या दर रुपयामागची उत्सर्जनाची मात्रा. एकूण उत्सर्जन त्या काळात वाढलंच. एका चादरीला सूत थोडं कमी लागलं, पण चादरी तिप्पट विणल्या, तर सुताचं बिल वाढणारच की! २०२० मध्ये एकूण आकडा आदल्या वर्षापेक्षा ७.९३ टक्क्यांनी उतरला होता खरा, पण ते लॉकडाऊनचं वर्ष. आपलेही माग तेव्हा बंदच होते.

आता ते ८ टक्के. त्यात येतं इंधन जाळून होणारं नव्हे, तर मुख्यतः उत्पादनाच्या प्रक्रियेतूनच निघणारं उत्सर्जन. उदाहरणार्थ, सिमेंटसाठी चुनखडी भाजताना दगडातूनच सुटणारा कार्बन डायऑक्साइड. डाइंगच्या बॉयलरमधला कोळसा 'ऊर्जा' या खात्यात जातो, आणि त्या खात्याचा वाटा ७५ टक्क्यांहून जास्त आहे. मागाला लागणारी वीजही तिथेच. मागाला चिमणी नसते. त्याच्या विजेचा धूर सोलापूरजवळच्या फताटेवाडीसारख्या औष्णिक वीज केंद्रांच्या नावावर चढतो.