‘सहा महिन्यांतून एकदा जाऊन आलं की झालं’: नाही हो, होत नाही

आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. ‘अमेरिकेत मुलाला ग्रीन कार्ड मिळालं की आईवडिलांचं वर्षभरात होतं, भावंडंही मागोमाग जातात. कार्ड टिकवायला सहा महिन्यांतून एकदा तिकडे पाय ठेवला की पुरे. पाच वर्षांनी सिटिझनशिप, ज्येष्ठांना परीक्षा माफ. ओसीआय काढलं की भारताचं नागरिकत्वही राहतं.’ खाली पंचवीस अंगठे. मुलीच्या अर्जावर ग्रीन कार्ड घेऊन ते परत केलेला माणूस म्हणून मला गप्प बसवेना.

‘मुलाला ग्रीन कार्ड मिळालं की…’ इथेच पहिली ठेच. ग्रीन कार्डवाल्याला फक्त जोडीदार आणि अविवाहित मुलं यांच्यासाठी अर्ज करता येतो. आईवडिलांसाठी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक हवी, वय किमान 21. तसं असेल तर मात्र आईवडिलांना कोट्याची रांग नाही, एवढं त्या मेसेजमधलं अर्धसत्य. पण या अर्जात दुसरं कोणी ‘सोबत’ जात नाही, घरातली धाकटी मुलगीसुद्धा नाही.

भावंडांची रांग वेगळी. तिला जगभर मिळून वर्षाला सुमारे 65,000 व्हिसा आणि एका देशाचा वाटा सात टक्क्यांपर्यंत. 2025 साली भारतीयांच्या या रांगेत 2006 मध्ये भरलेल्या अर्जांचे नंबर लागत होते. ‘मागोमाग’ म्हणजे हे! अर्जाच्या वेळी दहा वर्षांचा असलेला भाचा तोवर बाप्या झालेला असतो. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ त्याच्या वयातून वजा होतो, तरीही तो बरेचदा एकविशीच्या पलीकडे गेलेला असतो आणि आईबापांच्या अर्जातून गळतो.

‘वर्षभरात होतं’ म्हणणाऱ्याने आपल्याकडची कागदपत्रं पाहिलेली नसावीत. आमची ही माहेरची सिंधू. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून स्वाती झाली. शाळेच्या दाखल्यावर सिंधू, मुलीच्या जन्मदाखल्यावर आई स्वाती. दोघी एकच, हे मुंबईच्या वकिलातीला पटवायचं कसं? त्यात हिच्या जन्माची नोंदच नाही. नगरपालिकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, मग हिच्या मोठ्या मावशीचं प्रतिज्ञापत्र. मावशी ब्याऐंशीच्या, आणि सही करण्याआधी विचारतात, ‘सिंधूच आहे ना ही, की आणखी काही बदललंय?’ यातच आमचे पाच महिने गेले.

आता तो सहा महिन्यांचा मंत्र. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. ग्रीन कार्ड म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा नव्हे, ‘माझं घर आता अमेरिकेत आहे’ हे तुम्ही दिलेलं वचन आहे. विमानतळावरचा अधिकारी दिवस मोजतोच, पण घर कुठे, टॅक्स रिटर्न भरता का, तिकडे किती राहता, हेही बघतो. दर पाच महिन्यांनी पंधरा दिवस नातवाला भेटून येणाऱ्यालाही तो अडवू शकतो. वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर नुसतं कार्ड परतीला चालत नाही. त्यासाठी जाण्याआधी, अमेरिकेत असतानाच, री-एन्ट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं.

आणि हे लक्षात ठेवा. विमानतळावर आय-407 नावाचा फॉर्म पुढे केला तर न वाचता सही करू नका. त्याचा अर्थ ‘मी कार्ड स्वखुशीने सोडतो’. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर, व्हीलचेअरवर बसून, हे आठवत नाही म्हणून आत्ता सांगतो.

सिटिझनशिपचा हिशेब आणखी कडक. पाच वर्षांत किमान 30 महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं दिसलं पाहिजे. वर्षाला पाच महिने तिकडे काढणाऱ्याचे पाच वर्षांत भरतात 25. अमेरिकेबाहेरची एकच फेरी सहा महिन्यांवर गेली तरी तिथे राहण्याची सलगता मोडली असं धरतात आणि ती मोडली नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. परीक्षेचं म्हणाल तर, वय 55 आणि ग्रीन कार्ड घेऊन तिकडे काढलेली 15 वर्षं असतील तर इंग्रजीची सूट आहे. नागरिकशास्त्राचे प्रश्न तेव्हाही सुटत नाहीत, फक्त आपल्या भाषेत देता येतात. पासष्टीला गेलेल्याला ही सूट ऐंशीला मिळणार!

ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड. त्याबद्दल थोडक्यात. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं, पासपोर्ट जमा करायचा. ओसीआय नावात ‘सिटिझन’ असलं तरी मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र सातबाऱ्यावर नाव लागू शकतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: आम्हाला नेताना मुलीने जी आर्थिक हमी लिहून दिली, ती आम्ही नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या 40 तिमाह्या (म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी) भरेपर्यंत तिच्या डोक्यावर राहणार होती. साठीनंतर आम्ही कुठे नोकरी करणार? पाच हिवाळे तिकडे काढायचा धीर हिलाही नव्हता. शेवटी मी आय-407 आपणहून भरून पोस्टाने पाठवला, कार्डासकट. आता व्हिजिटर व्हिसावर जातो, नातवाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत.