‘रंग खरडून कोणी मेलं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘जुना बडोदेकर’,

खरं नाव आपण लिहिलेलं नाही, म्हणून सहीत आहे तेच वापरते. जुन्या घरांच्या दारं-खिडक्यांवर जो ऑइल पेंट आहे, त्यातल्या विषारी शिशाबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं, की बडोद्याच्या जुन्या घरांना चुना असायचा, मग शिसं आलं कुठून. हे सगळं अमेरिकेचं फॅड आहे. दिवाळीच्या तोंडावर असलं लिहून मी रंगाऱ्यांच्या पोटावर पाय देते. मी लिहिलेला तो खास फिल्टरचा महागडा व्हॅक्यूम क्लीनर इथे कोणाच्या बापाने पाहिलाय? कायद्याचं सालही चुकलंय. आणि शेवटी: ‘आमच्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी स्वतः आयुष्यभर रंग खरडला. रंग खरडून कोणी मेलं नाही. झोपाळ्यावर बसून लेख लिहिणाऱ्या ताईंनी आधी हातात ब्रश धरावा!!!’

तीन उद्गारचिन्हं. मोजली मी.

आधी सालाचं. तिथे आपलं बरोबर आहे, माझं चुकलं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि लागू झाला वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ ला. मी २०१६ पासून लागू असं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. आभारी आहे. मात्र ही दुरुस्ती आपल्या बाजूची नाही हे लक्षात घ्यावं. २०१७ च्या आधीचा प्रत्येक ऑइल पेंट त्यामुळे संशयात येतो.

आता ब्रश. माझ्या वडिलांचं रावपुऱ्यात रंगाचं दुकान होतं. शाळेतून आले की दप्तर गल्ल्याखाली टाकून मी काउंटरला उभी राहायची. सफेदा, म्हणजे रंगात घालायची पांढरी पूड, दोन जातींचा यायचा, जस्ताचा आणि शिशाचा. डब्यावरची चिठ्ठी वाचायची गरजच नसे, उचलला की शिशाचा वजनाने कळायचा. तो अळशीच्या तेलात कालवायचा, लांबीत, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीत घालायचा, दाराच्या पहिल्या हाताला द्यायचा, हे मी कुठल्या परदेशी वेबसाइटवर वाचलेलं नाही. आमच्या सुट्ट्या पैशांनाही टर्पेंटाइनचा वास असायचा. तेव्हा ब्रश धरायचं मला आपण शिकवू नये, एवढीच नम्र विनंती. आपल्या आजोबांनी तो सफेदा कदाचित आमच्याकडूनच नेला असेल.

आणि झोपाळ्याचं काढलंतच, तर ऐका. वाडीतल्या माझ्या घरी झोपाळा आहे, आणि हो, मी त्यावर बसूनच लिहिते. त्याच्या फळीचा एक कोपरा उडालाय. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, मग पिवळा, मग कळकट पांढरा आणि त्याच्याखाली सागाचं लाकूड. कड्यांवर रंगाखाली शेंदरी अस्तर दिसतं. हा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, लोखंड गंजू नये म्हणून लावत. (मारुतीला चढतो त्याबद्दल वेगळं लिहीन, तेव्हाही आपण याच.) जुना झगझगीत पिवळा असला तर त्यात बहुधा शिशाचं क्रोमेट, पांढऱ्यात सफेदा. शिशाच्या सफेद्याच्या जुन्या रंगात वजनाने निम्म्यापर्यंतही शिसं असू शकतं. भिंतींना चुना होता हे मलाही मान्य, चुन्यात शिसं नसतं. पण लेखात भिंतीचा शब्दही नाही. शीर्षकातच ‘दारं-खिडक्या’ लिहिलंय, मोठ्या अक्षरांत.

आता आपलं ते वाक्य. रंग खरडून कोणी मेलं नाही.

दुकानात एक म्हातारा रंगारी यायचा. आयुष्यभर लोकांची दारं खरडलेला माणूस. पॉलिश पेपर घासताना उडालेल्या भुकटीने त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. शेवटी शेवटी त्याचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबायला लागला. हात पुढे करायचा, पंजा काही वर यायचा नाही. चहाची बशी डाव्या हाताने उचलायचा आणि उजव्या हाताची पाठ खालून टेकवायचा. वात आहे, असं सगळेच म्हणायचे. बाबाही म्हणायचे. पोटात कळा उठायच्या, त्यावर तो ओवा खायचा. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की मनगट उचलणाऱ्या स्नायूंची नस शिशाने निकामी होते आणि जुन्या वैद्यकीय पुस्तकांत पोटातल्या या कळा रंगाऱ्यांच्याच नावाने लिहिलेल्या आहेत. त्याचं रक्त कोणी तपासलं नाही, हे आपण म्हणायच्या आधी मीच सांगते. आपल्या आजोबांचंही तपासलं नव्हतं. ते ऐंशीपर्यंत जगले, आनंद आहे. पण शिसं ही गोळी नाही, की लागली आणि माणूस पडला. ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

शिवाय प्रश्न आजोबांचा नव्हताच. लेख मुलांबद्दल होता. आपण तो शेवटपर्यंत वाचला का, अशी मला दाट शंका आहे. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं अंगात शोषलं जातं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. मूल मरत नाही. अभ्यासात मागे पडतं, चिडचिडं होतं, आणि आपण म्हणतो, मामावर गेलंय. शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित आहे, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. आणि मुलाने पोपडेच खायला हवेत असंही नाही. कोरडा रंग खरडला की मैद्याहून बारीक धूळ उडते, फरशीवर बसते. मूल रांगतं, हात तोंडात घालतं. झालं.

‘अमेरिकेचं फॅड’ याला एकच उत्तर देते. १९०४ साली ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून ठेवलं, की मुलांना शिशाची विषबाधा होते ती व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांमुळे. उन्हाने रंगाची भुकटी व्हायची, मुलं कठडा धरायची आणि बोटं तोंडात घालायची. ऊन, व्हरांडा, कठडा. यात बडोद्यापेक्षा परकं काय आहे? तिथे, क्वीन्सलँडमध्ये, १९२२ मध्ये त्यावर कायदा झाला. घराच्या आतल्या रंगकामातून शिशाचा सफेदा काढायचा आंतरराष्ट्रीय करार १९२१ चा आहे. अमेरिकेने घरगुती रंगावर बंदी घातली १९७८ मध्ये. फॅड म्हणायचंच तर अमेरिका त्यात शेवटच्या बाकावर होती.

रंगाऱ्यांच्या पोटाबद्दल आणि व्हॅक्यूम क्लीनरबद्दल आपण जे लिहिलंय, त्यात फारसा दम नाही. त्या भुकटीत सगळ्यात जास्त उभा कोण असतो, याचा विचार केलात तर रंगाऱ्यांबद्दलचं उत्तर आपलं आपल्यालाच मिळेल. व्हॅक्यूम क्लीनर ‘असल्यास’ असं लिहिलंय, ‘असल्यास’ हा मराठी शब्द आहे. (आपल्या घरातला साधा व्हॅक्यूम मात्र अजिबात लावू नका, तो बारीक धूळ मागून परत खोलीत फेकतो.)

तरी कोणाचा गोंधळ नको म्हणून लेखातलंच पुन्हा सांगते. रंग घट्ट असेल, कुठे फुगला किंवा उडाला नसेल तर त्याला हात लावू नका, वरून नवीन रंगाचे दोन हात द्या. मी झोपाळ्याचं तेच करणार आहे. उडालेल्या कोपऱ्यावर आत्ता टेप मारून ठेवलीय. पोपडे सुटले असतील तर तेवढीच जागा, आणि ओली करून. न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फुसफुस बाटली पन्नास-शंभर रुपयांत मिळते. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर वापरा, कोरडा पॉलिश पेपर नको. घासायचं मशीन नको. रंग जाळून काढायचा ब्लो लॅम्प तर नकोच, तापून शिशाची वाफ होते आणि ती सरळ छातीत जाते. खाली जाड प्लास्टिक अंथरा, पंखा बंद ठेवा, गाद्या आणि खेळणी आधीच खोलीबाहेर काढा. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, चांगला घट्ट बसणारा मास्क लागतो. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. एका ठिकाणी घरच्यांची धुणी आणि रंगाऱ्याचा शर्ट एकाच बादलीत भिजलेला मी पाहिलाय. घर कोणाचं ते सांगत नाही.

यात महागडं काय आहे, ते मला खरंच कळलेलं नाही. पाणी?

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त ‘अर्धवट ज्ञानाचं प्रदर्शन’ हा शब्दप्रयोग समोरासमोर आपण केला असतात असं मला वाटत नाही. बडोद्याची माणसं अशी बोलत नाहीत, निदान आमच्या वेळी बोलत नव्हती.

आणि एक. प्रतिक्रियेत मधेच आपण लिहिलंय, की या रविवारी नातवाला हाताशी घेऊन समोरच्या खिडक्या खरडायला काढणार. ते वाचून मी मघाचा सगळा राग जरा वेळ बाजूला ठेवला. खिडक्या काढा, हरकत नाही. पाणी मारून काढा. नातवाला मात्र तेवढा दिवस कोणाबरोबर तरी कमाटी बागेत पाठवा, आणि आपण अंघोळ करेपर्यंत घरी आणू नका.