लस, जिम की रिफाइंड तेल?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. लग्नात नाचताना कोसळलेल्या तरुणाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला. एकाने कोविडच्या लशीला दोष दिला, दुसऱ्याने जिमला, तिसऱ्याने रिफाइंड तेलाला. शेवटी घाण्याचं तेल खा, कोलेस्टेरॉल हे गोळ्या विकायचं कारस्थान आहे, यावर एकमत झालं.

मी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या अभ्यासाबद्दल लिहिलं. १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंमध्ये लशीमुळे धोका वाढलेला त्यांना दिसला नाही. घराण्यात असे मृत्यू झालेले असणं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रम, यांचा संबंध मात्र दिसला. दादाचं उत्तर आलं, ‘तू लेस्टरात बसून आम्हाला शिकवू नकोस.’

ते लागलं. पण त्याहून जास्त राग येतो तो एकच गुन्हेगार शोधायच्या सवयीचा. बीपी, साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, घराणं हे सगळं एकमेकांत मिसळून धोका वाढवतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट या हृदयविकाराच्या अभ्यासाने २००७ मध्येच दाखवलं की आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. दादा आज बावन्न वर्षांचा आहे. दुपारी तंबाखू मळतो, बीपीची गोळी ‘सवय लागते’ म्हणून मधेच सोडतो आणि ‘ईसीजी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त असतो. ईसीजी त्या घटकेचं सांगतो, पुढच्या दहा वर्षांचं नाही. आणि बीपी असाच चढा राहिला तर अर्धांगाचीही भीती आहे.

इथे इंग्लंडमध्ये चाळिशीनंतर जीपीकडून, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडून, दर पाच वर्षांनी हेल्थ चेकचं बोलावणं येतं. नर्स बोटातून थेंबभर रक्त घेते, दंडाला पट्टा लावते, कमरेला टेप लावते आणि क्यूरिस्क या धोका मोजणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये वय, वंश, पोस्टकोड, सिगारेट असं सगळं भरते. माझे अकरा टक्के आले. म्हणजे माझ्यासारख्या शंभर जणांपैकी अकरा जणांना दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येईल, एकोणनव्वद जणांना नाही. दहाच्या पुढे आकडा गेला की स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, विषय निघतो. मी घेतो. माझ्या मते हेच शहाणपण आहे, आणि ते आमच्या कराडात, दादापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

त्या हेल्थ चेकमध्ये एक प्रश्न होता: वडिलांना साठीच्या आत हृदयविकार होता का? अण्णा चोपन्नाव्या वर्षी गेले. घरात कायम एवढंच सांगितलं गेलं की दम लागला आणि गेले. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, ‘अरे, संध्याकाळपासनं छाती दाबल्यासारखी होत होती. जबडा दुखतोय म्हणाला. आम्ही पित्त समजून सोडा दिला.’ इतकी वर्षं हे कुणी बोललं नव्हतं. दादालाही माहीत नव्हतं, आणि तेही त्याचेच वडील.

मग मी दादाचे आकडे त्याच कॅल्क्युलेटरमध्ये भरले. कराडचा पिन तिथे चालत नाही, तो रकाना रिकामा सोडला. आलेली टक्केवारी त्याला सांगितली नाही, कारण ते गणित ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवर बसवलेलं आहे. इथे राहणारा भारतीय म्हणून मी त्यात बसतो, तो बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दक्षिण आशियासाठी वेगळे तक्ते काढले आहेत. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हाताशी नसला तरी त्यावरून अंदाज निघतो. ते मी त्याला पाठवले, डॉक्टरांना दाखव म्हणून.

‘तिकडे बसून’ हे मला कायम ऐकावं लागणार, ते मी मान्य करतो. बिल, पेन्शन, पोस्टकोड सगळं इथलं झालंय. पण नर्सने ‘इंडियन’वर खूण केली आणि अण्णांचं वय लिहिलं, तेव्हा माझ्या धोक्यातला मोठा वाटा कराडच्या घरातून आलेला होता. तो दादाचाही आहे. म्हणून त्याने कितीही झिडकारलं तरी दर रविवारी मी विचारणार: गोळी घेतलीस का, आणि बीपी किती आला?